फाउस्तोचं इंजिन

लुबाय बेटावर पोलिकार्पोला, म्हणजे कार्पोला, कोणी भला माणूस म्हटल्याचं ऐकिवात नाही. चांगला मेकॅनिक म्हणायचे, पण तेही तो आसपास नसताना. समोर म्हटलं तर तो उलट विचारायचा, "तुला काय कळतं त्यातलं?"

सोळाव्या वर्षी तो एका मालवाहू जहाजावर चढला आणि नऊ वर्षं त्याने जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी, तेल पुसत काढली. परत आला तेव्हा त्याच्याकडे पान्यांची एक लोखंडी पेटी होती, डावा कान जवळजवळ गेलेला होता आणि तोंड कायमचं बिघडलेलं होतं. त्या धडधडाटात ओरडल्याशिवाय काही ऐकू जायचं नाही, आणि ओरडून बोलायची सवय लागली की गोड बोलायची राहत नाही.

बेटावर चाळीसेक होड्या होत्या. दोन्ही अंगांना तोल धरणाऱ्या बांबूच्या उलांड्या, मध्ये निमुळता सांगाडा आणि पाठीमागे दोरी गुंडाळून ओढायचं पेट्रोलचं इंजिन. कार्पो किनाऱ्यावर उभा राहून उजव्या कानाने आवाज ऐकायचा आणि होडी वाळूला लागायच्या आत कुठला भाग गेलाय ते सांगायचा. ते बरोबर निघायचं. फक्त सांगायची तऱ्हा वेगळी. "इंजिन बिघडलेलं नाही, तुला कंटाळलंय," असं त्याने एकाला भर बाजारात ऐकवलं होतं. दुसऱ्याला म्हणाला होता की तेल बदलायची अक्कल नसेल तर वल्ही घे, वल्ह्यांना तेल लागत नाही. लोक दातओठ खात ऐकून घेत, कारण त्याच्या हातून गेलेलं इंजिन वर्षभर कुरकुर करत नसे. आणि एक गोष्ट त्याचे वैरीही कबूल करत. कार्पोने इंजिनाबद्दल कोणाला कधी खोटं सांगितलं नाही. कोणाचा चांगला भाग काढून जुना बसवला नाही, की नसलेलं दुखणं दाखवलं नाही.

त्याच्या बापाचं नाव फाउस्तो. सगळं बेट त्यांना तातय, म्हणजे बाबा, म्हणायचं. सत्तरी उलटली तरी म्हातारा एकटा समुद्रात जायचा. थोरला मुलगा सेवेरिनो होड्यांचा मालक झाला होता, पाच होड्या, वर गावात मान. पण तातयना आपलीच जुनी होडी आणि आपलंच इंजिन लागायचं. त्या इंजिनाची सगळी देखभाल कार्पोकडे.

अकरा वर्षांपूर्वी एका पहाटे तातय जाळं घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले नाहीत. वारा चढलेला होता, म्हणून सेवेरिनोने होड्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बाहेर काढल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या बेटावरच्या कोळ्यांना होडी सापडली. प्रवाळाच्या खडकात अडकलेली, एक उलांडी मोडलेली. तातय त्यात नव्हते. ते कधीच मिळाले नाहीत.

इंजिनाचा प्लग काढून फळीवर ठेवलेला होता आणि शेजारी पाना पडला होता. म्हणजे इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं आणि म्हातारा ते चालू करायची खटपट करत होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्या कोळ्यांनी प्लग परत बसवून दोरी ओढली, तर इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. ते चालवतच त्यांनी होडी लुबायला आणली.

एवढ्यावरून दोघा भावांचं जुंपलं ते कायमचंच. सेवेरिनो म्हणाला, इंजिन बंद पडलं हे प्लगच सांगतोय, त्याला हात लावणारा एकटा कार्पो, बाप कार्पोने मारला. कार्पो म्हणाला, दुसऱ्या झटक्याला लागलेलं इंजिन मेलेलं नसतं. आदल्या रात्री सेवेरिनोच्या घरी माडी पिऊन म्हातारा निघाला होता, तो झिंगेत पाण्यात पडला. पाजणारा सेवेरिनो आणि शोधायला सकाळपर्यंत थांबणाराही सेवेरिनोच. हे सगळं चॅपेलच्या दारात, बापासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना संपायच्या आत बोललं गेलं. सेवेरिनोने त्याच्या तोंडात मारली. कार्पो थुंकला आणि निघून गेला.

सेवेरिनोने बापाची आठवण म्हणून ते इंजिन टाकीसकट आपल्या सगळ्यात मोठ्या होडीवर बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की कार्पोचा हात याला पुन्हा लागणार नाही. लोकांनी बाजू घ्यायची तर पाच होड्यांवाल्याची घेतली. कार्पोच्या शिव्या खाऊन कंटाळलेले होतेच. हळूहळू इंजिनं दोन तासांच्या खाडीपलीकडे, तालुक्याच्या गावी दुरुस्तीला जायला लागली. बंद पडलेली होडी दुसऱ्या होडीला बांधून ओढत न्यायचे, पण कार्पोच्या दाराशी नाही. तो मग शिलाई मशीन दुरुस्त करायचा, पत्र्याला डाग द्यायचा, ओहोटीला खडकांत ऑक्टोपस शोधत फिरायचा. ओढत नेली जाणारी होडी दिसली की किनाऱ्यावर उभं राहून मोठ्याने सांगायचा, "नुसता प्लग घाण झालाय, गाढवांनो. जा, जा, हवा खाऊन या."

सेवेरिनोकडच्या त्या इंजिनाने मात्र एक खोड धरली होती. वर्षातून तीन-चारदा, काही कारण नसताना, ते भर पाण्यात बंद पडायचं. तासभर थांबलं की आपोआप लागायचं. पलीकडच्या मेकॅनिकने प्लगपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं बदलून पाहिलं, टाकी विसळून पाहिली, पण त्याच्यासमोर ते शहाण्यासारखं चालायचं. शेवटी बेटाने ठरवलं की म्हातारा फाउस्तो येऊन इंजिनावर बसतो. सेवेरिनो माडीची वाटी समुद्रात ओतायचा, एक सिगारेट पेटवून फळीवर ठेवायचा आणि वाट बघायचा. इंजिन लागायचं. कार्पोच्या कानावर हे आलं तेव्हा तो म्हणाला की जिवंतपणी पाजली, आता मेल्यावरही सोडत नाही.

तातय गेल्याला अकरा वर्षं झाली त्या वर्षी बेटाच्या संताच्या सणाचं यजमानपद सेवेरिनोकडे आलं. सणाच्या सकाळी संताची मूर्ती होडीत बसवून बेटाभोवती फिरवतात आणि मागून बाकीच्या होड्या जातात. सेवेरिनोने मोठी होडी सजवली. बांबूची कमान, कागदी फुलं, नारळाच्या झावळ्या. मूर्ती डोलकाठीला अशी बांधली की वादळातही हलू नये. स्वतः बारीक भरतकामाचा पांढरा सदरा घालून पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहिला. नवा पाद्री आनसेल्मो, बेटावर येऊन जेमतेम महिना झालेला, मूर्तीशेजारी बसला. ब्रासबँडने सूर धरला. होडीवाल्याने दोरी ओढली.

इंजिन नुसतं खोकलं.

पुन्हा ओढली. दहा वेळा, वीस वेळा. माणूस बदलला. प्लग बदलला. सेवेरिनोने माडी ओतली, सिगारेट ठेवली, अर्धा तास थांबला, पुन्हा ओतली. सूर्य वर आला, बँडवाले नारळाच्या सावलीत जाऊन बसले, मागच्या होड्यांत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी सुचवलं की मूर्ती दुसऱ्या होडीत हलवावी. सेवेरिनोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. मग दुसऱ्याने सुचवलं की ही होडी बांधून ओढत न्यावी. यजमानाची होडी, संत वर बसलेला, आणि दोरखंडाने ओढत न्यायची. सेवेरिनोची बायको तार्सिला मान खाली घालून झावळ्या उगाच सारख्या करत बसली.

कार्पो वाळूवर एका उलट्या पाटीवर बसून हे बघत होता. त्याने भाजलेलं डुकराचं मांस केळीच्या पानावर घेतलं होतं आणि चवीने खात होता. हसत नव्हता, पण तो न हसताही किती मजेत आहे ते शंभर पावलांवरून कळत होतं.

पाद्र्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने शेजारच्याला विचारलं की बेटावर मेकॅनिक नाही का. शेजारच्याने सेवेरिनोकडे पाहिलं. दुसरीकडून एक म्हातारी बोलली की आहे की, तो काय तिथे खातोय. पाद्री उठला, पाणी तुडवत किनाऱ्यावर गेला आणि म्हणाला, "तुम्ही इंजिन दुरुस्त करता असं कळलं. जरा बघता का?"

सावलीतले बँडवालेही उठून बघायला लागले.

"मला हरकत नाही पाद्रे," कार्पो बोटं चाटत म्हणाला. "पण त्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाला विचारा. त्याला माझ्या हाताची ॲलर्जी आहे."

पाद्र्याने वळून पाहिलं. सेवेरिनोच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याने एकदा संताकडे पाहिलं, एकदा मागच्या वीस-पंचवीस होड्यांकडे.

"येऊ दे," तो म्हणाला. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडू दे. यानेच काय करून ठेवलंय ते सगळ्यांना दिसू दे."

कार्पो घरी जाऊन पेटी घेऊन आला. मुद्दाम सावकाश चालत गेला आणि सावकाश आला. होडीत चढताना कोणी हात दिला नाही.

त्याने आधी प्लग काढला. तार लावून तो इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढायला सांगितली. निळीशार ठिणगी पडली. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. दोरी ओढल्यावर आतल्या हवेने अंगठा उडवून लावला. "ठिणगी आहे, दाब आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा पण सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "अकरा वर्षं मूर्खांच्या हातात राहून एवढं राहिलंय, म्हणजे इंजिन कसं होतं बघा." प्लगचं टोक त्याने बोटाने चाचपलं. कोरडं ठणठणीत. "पेट्रोल येत नाही."

"टाकी काठोकाठ भरलीय," सेवेरिनो गुरकावला. "मी स्वतः भरली."

"टाकी भरलीय. मी म्हटलं, येत नाही. भाषा तीच आहे तुझी-माझी."

त्याने कार्बोरेटरची नळी सोडवली. चार थेंब पडले आणि थांबले. नळी तोंडात धरून त्याने फुंकर मारली. टाकीत बुडबुड आवाज झाला, पेट्रोलची धार आली, मोजून दोन श्वास चालली आणि कोणी दार लोटावं तशी बंद झाली. पुन्हा फुंकर, पुन्हा धार, पुन्हा बंद. कार्पोच्या चेहऱ्यावरची मजा तिथे पहिल्यांदा गेली. टाकीत काहीतरी होतं. कचरा असता तर धार बारीक झाली असती. हे पेट्रोल वाहायला लागलं की ओढलं जाऊन भोकावर झाकणासारखं बसत होतं, आणि वाहणं थांबलं की सरकत होतं. थोडा वेळ होडी डुलली की मोकळं होणारं. तासाभराने इंजिन आपोआप लागेल असं. आज मात्र ते वाकून भोकातच रुतलं असावं.

त्याने पेट्रोल बादलीत ओतून घेतलं, टाकी सोडवून उन्हाकडे धरली आणि अरुंद तोंडातून आत पाहिलं. तळाशी काहीतरी पांढुरकं होतं. तारेचं टोक वाकवून तो बराच वेळ चाचपत राहिला. शेवटी ते घडी पडून वर आलं.

पिवळी पडलेली प्लॅस्टिकची चकती होती. रुपयाच्या नाण्याहून बरीच मोठी. तेलाच्या कॅनचं झाकण कापून केलेली. हवा आत जायला एक खिळ्याचं भोक होतं, पण मधोमध नाही, कडेला. पेट्रोल हिंदकळून बाहेर येऊ नये म्हणून कडेला भोक पाडणारा माणूस या बेटावर एकच होता. काठावर एके ठिकाणी दातरी खाच होती, कारण त्या माणसाच्या कात्रीचं एक पातं तिथे तुटलेलं होतं आणि अजून तसंच होतं.

टाकीच्या झाकणात बसवायची ती चकती. टाकीच्या तोंडापेक्षा मोठी, आपणहून आत पडूच शकत नाही. झाकण उघडताना ती तोंडालाच चिकटून राहिली आणि ज्याला ती दिसली नाही त्याने वरून नरसाळं दाबलं, तर मात्र ती दुमडून आत जाईल. मग टाकी कितीही विसळली तरी बाहेर येणार नाही.

त्या पहाटेच्या आदल्या दिवशी तातय त्याच्याकडे आले होते. कार्पो दुसऱ्याच कोणाच्या इंजिनाखाली आडवा पडला होता. म्हातारा म्हणाला होता की तुझी ती चकती झाकणाबरोबर वर येत नाही, टाकीच्या तोंडाला चिकटते, मला नीट दिसत नाही, दुसरी बेताची करून दे. इंजिनाखालून तोंडही बाहेर न काढता कार्पो म्हणाला होता, "तातय, झाकण उघडताना डोळे पण उघडत जा." म्हातारा थोडा वेळ तिथेच उभा होता. त्याचे पाय दिसत होते. मग तो गेला.

अकरा वर्षांत हे बोलणं कार्पोला आठवलं नव्हतं असं नाही. पण ते एक नेहमीचं बोलणं होतं, शंभरातलं एक. त्याचा समुद्राशी काही संबंध असेल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

"काय आहे ते?" पाद्र्याने विचारलं.

कचरा, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. ती चकती इथे दुसऱ्या कोणाला ओळखता आली नसती. सेवेरिनोसुद्धा तिच्याकडे बघत होता तो पलीकडच्या मेकॅनिककडून आत राहिलेला एखादा तुकडा बघावा तसा. कार्पोने चकती मुठीत धरली आणि मूठ मांडीवर ठेवली. बोलला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता.

"माझी आहे. मी कापलेली. तातयनी सांगितलं होतं चिकटते म्हणून, मी त्यांना हाकलून लावलं. त्यांनी न बघता नरसाळं दाबलं असणार. इंजिनात दोष नव्हता. दोष हा होता." त्याने मूठ उघडून चकती भावासमोर धरली. "आणि तुझ्या माडीचा याच्याशी काही संबंध नव्हता. ते मी उगाच बोललो होतो."

सेवेरिनोने चकती घेतली. उलटसुलट करून पाहिली. 

"हे कळायला तुला अकरा वर्षं लागली?"

"तू हात लावू दिला असतास तर दोन तास लागले असते."

तार्सिला झावळ्यांमधून उठली. मारामारी होणार असंच तिला वाटलं, आणि पाद्रीही मध्ये सरकला. पण सेवेरिनोने हात उगारला नाही. त्याने चकती सदऱ्याच्या खिशात टाकली, पाठ फिरवली आणि संताकडे तोंड करून उभा राहिला. "लाव इंजिन," तो म्हणाला. "उशीर झालाय."

कार्पोने टाकी बसवली, नळी जोडली, पेट्रोल गाळून ओतलं. झाकणाखाली त्याने काहीच घातलं नाही, ते तसंच फिरवून घट्ट केलं. दोरी त्याने स्वतः ओढली. एका झटक्यात इंजिन लागलं. बँडवाले धावत आले. कार्पो पेटी डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला. बेटाला वळसा घालून होड्या दिसेनाशा होईपर्यंत तो पाण्यातच उभा होता असं त्या म्हातारीने नंतर सांगितलं. कोणी त्याला चल म्हटलं नव्हतं.

घरी त्याची बायको देमेत्रिया भात घेऊन बसली होती. किनाऱ्यावरची बातमी त्याच्या आधी तिच्यापर्यंत पोचली होती. त्याने ताट बाजूला सारलं. तिनेही आग्रह केला नाही.

"तातय आले होते तेव्हा मी चुलीपाशी होते," ती म्हणाली. "ऐकलं होतं मी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझ्यासमोर बोलायची सोय होती का कधी?"

 कार्पो मागच्या दारी जाऊन बसला. देमेत्रियाने भात झाकून ठेवला आणि शेजारी निघून गेली.

यानंतर कार्पो सुधारला असं कोणी समजू नये. बेटाने त्याला माफ केलं असंही झालं नाही. काही लोक आता उघड म्हणायला लागले की त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. सेवेरिनोच्या धाकट्या मुलाने तर रस्त्यात त्याच्या पायाशी थुंकून दाखवलं. पण पावसाळा संपता संपता एक जण इंजिन घेऊन त्याच्या दाराशी आला. मग आणखी एक. का, ते कोणी सांगितलं नाही. कार्पोने पहिल्यालाच सुनावलं की पिस्टन इतका घासेपर्यंत काय झोपला होतास, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. पूर्वीपेक्षा एकच फरक पडला होता. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की कार्पो हातातला पाना खाली ठेवायचा आणि उजवा कान पुढे करायचा. त्याचं बोलून झालं की मग शिव्या द्यायचा.

सेवेरिनो त्याच्याशी बोलला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. चॅपेलमध्ये दोघं दोन टोकांना बसत. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी देमेत्रियाने दार उघडलं तर पायरीवर गोणपाटात गुंडाळलेलं फाउस्तोचं इंजिन होतं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. कार्पोने ते पूर्ण खोललं, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या, नवी टाकी बसवली. चौथ्या दिवशी तो ते हातगाडीवर घालून घेऊन गेला, सेवेरिनोच्या अंगणात ठेवलं आणि हाक न मारता परत फिरला. खिडकीत सेवेरिनो उभा होता. त्याने पाहिलं, आणि कार्पो फाटकाबाहेर पडेपर्यंत खिडकी लावली नाही.